घरचा डाव आणि कायदा

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बलिप्रतिपदा म्हणतात, तसेच द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. त्या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळली अशी कथा आहे, आणि तिच्या आधाराने पाडव्याला पैसे लावून दोन डाव खेळण्यास हरकत नाही अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. उलटपक्षी, कौरवांच्या सभेतील फाशांची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला जुगाराचे नाव काढताच संकोच वाटतो. प्राचीन शास्त्रकारांतही ह्याबाबत एकमत नव्हते. मनूने राजाला द्यूत राज्यातून हद्दपार करावयास सांगितले. कौटिल्याने ते एकाच ठिकाणी, द्यूताध्यक्षाच्या नजरेखाली चालू द्यावे आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ राजाने घ्यावे, अशी व्यवस्था लावून दिली. द्यूत मोडावे की त्याला कुंपण घालावे, हा वाद असा फार जुना आहे. परंतु आजच्या गृहस्थाचा प्रश्न अधिक साधा आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मित्रांबरोबर, थोडे पैसे लावून पत्ते खेळणे हा गुन्हा आहे काय?

पुण्याहून आळंदीकडे जाणाऱ्या वाटेवरील दिघीचे उदाहरण घ्यावे. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि त्यानंतर तेथे इमारती उभ्या राहिल्या. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आणि जवळच्या संरक्षण संस्थांत काम करणारी कुटुंबे तेथे राहतात. अशाच एखाद्या बिऱ्हाडात शनिवारी रात्री पाच-सहा सहकारी जमतात, दोनदोनशे रुपये काढतात आणि पोकरचा डाव मांडतात. आतल्या खोलीत गृहिणीच्या मनात धाकधूक असते. शेजाऱ्याने तक्रार केली आणि दारावर पोलिसाची थाप पडली, तर पुढे काय? ती धाकधूक अगदीच निराधार नाही. परंतु तिचे नेमके कारण बहुधा कोणालाच ठाऊक नसते.

ह्या प्रांताचा जुगारविषयक मूळ कायदा १८८७ सालचा आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम हे त्याचे जुने नाव. आता त्यात मुंबईच्या जागी महाराष्ट्र असे म्हणतात. तो वाचू लागताच एक गोष्ट ध्यानात येते. पैसे लावून पत्ते खेळणे हाच गुन्हा, असे तो सरसकट म्हणत नाही. त्याचा रोख मुख्यतः दोन स्थळांवर आहे. एक, सार्वजनिक जुगारगृह, म्हणजे लोकभाषेतील जुगाराचा अड्डा. आणि दुसरे, रस्ता किंवा लोकांना मोकळा प्रवेश असलेली कोणतीही जागा. ह्या दोहोंत न बसणारे खाजगी घर कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे.

मग घराचा अड्डा केव्हा होतो? कायद्याची व्याख्या अशी की, ज्या घरात, खोलीत किंवा जागेत जुगाराची साधने त्या जागेच्या मालकाच्या अथवा ती वापरणाऱ्याच्या नफ्यासाठी ठेवली किंवा वापरली जातात, ते जुगारगृह होय. मग तो नफा जागेच्या भाड्याच्या रूपाने असो, पत्त्यांच्या आकाराच्या रूपाने असो, की अन्य कोणत्याही मार्गाने असो. खेळणाऱ्यांच्या भाषेत ह्याला एकच नेमका शब्द आहे: नाल. प्रत्येक डावातून घरवाल्याने काढून घेतलेला हिस्सा म्हणजे नाल. किती पैसे लागले, खेळणारे मित्र होते की परके, हे प्रश्न त्यामानाने गौण ठरतात; नाल निघत होती काय, हा प्रश्न मुख्य ठरतो.

ह्या कसोटीवर दिघीच्या त्या बिऱ्हाडातील डाव घासून पाहावा. सगळ्यांनी सारखे पैसे काढले, जो जिंकला त्याने ते नेले आणि यजमानाला घरवाला म्हणून काहीच मिळाले नाही, तर ते घर जुगारगृह होत नाही. यजमान स्वतः खेळला आणि जिंकला, तरी त्याची संधी इतरांइतकीच असेल तर तो घराचा नफा होय असे म्हणणे कठीण आहे. परंतु प्रत्येक डावातून दहा रुपये बाजूला पडू लागले, आणि चहा-फराळाचा खर्च भागूनही त्यांतले काही यजमानाच्या खिशात राहू लागले, की परिस्थिती पालटते. प्रत्यक्ष नफा झालाच पाहिजे असेही नाही; खेळातून घरवाल्याला नफा होण्याचा संभव असावा आणि त्याच हेतूने साधने ठेवलेली असावीत, एवढे पुरे आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९२३ सालीच एका निकालात म्हटले आहे. सबब फराळाचा खर्च डावातून काढूच नये. तो यजमानाने सोसावा किंवा पाहुण्यांनी डबे आणावे. जुगारगृह चालविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत, आणि तेथे खेळावयास आलेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. यजमानाचा थोडका लोभ पाहुण्यांनाही गोत्यात आणतो, तो असा.

दुसरे कुंपण सार्वजनिक जागेचे. तेथे नालेचा प्रश्नच उद्भवत नाही. खेळताना सापडला की पोलिसास अधिपत्रावाचून अटक करता येते. गणेशोत्सवात जागरणाच्या निमित्ताने मंडपामागे रात्रभर पत्ते चालतात. खेळणाऱ्यांना तो घरगुती विरंगुळा वाटतो. पण मंडप लोकांना खुला असतो आणि तेथील डाव घरचा राहत नाही. इमारतीचे वाहनतळ, फाटकाजवळचा कट्टा ह्या जागाही येणाऱ्याजाणाऱ्याला मोकळ्या असतील तर तोच धोका आहे. आणि पाडवा असला म्हणून कायदा त्या दिवशी सुट्टी घेत नाही; द्यूतप्रतिपदेसाठी त्यात कोणताही अपवाद नाही.

ह्यावर सुशिक्षित मंडळींचे एक आवडते उत्तर असते. पोकर हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. आणि केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही असे त्यातच लिहिले आहे. हे दुसरे विधान खरे आहे. केवळ कौशल्य म्हणजे नशिबाचा लवलेश नसणे नव्हे, तर कौशल्याचे प्राबल्य असणे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात लावला. १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने रमीला कौशल्यप्रधान ठरविले, कारण पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात आणि कोणते पान राखावे, कोणते टाकावे हा विचार करावा लागतो. तीन पत्तीला मात्र त्याने निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले. त्याच निकालात एक इशाराही आहे: रमीच्या आडून घर वा क्लब नफा काढीत असेल, तर गुन्हा ठरू शकतो.

पोकरच्या बाबतीत न्यायालयांचा सूर एक नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली तो नशिबाचा खेळ ठरविला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ साली त्याला कौशल्याचा खेळ मानले. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने तर ब्रिज आणि रमीबरोबर पोकरचेही नाव घालून तो जुगारातून वगळला. महाराष्ट्राच्या कायद्यात पोकरचे नावच नाही. म्हणून येथील गृहस्थाने कौशल्याच्या भिंतीला पाठ टेकण्यापेक्षा नाल न काढण्याचा नियम पाळणे अधिक शहाणपणाचे होय. गोव्यात कॅसिनो चालतात, मग येथे का नको, असेही विचारले जाते. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंसाठी एक कायदा केला होता. परंतु तो कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. महाजालावरील पैशाच्या खेळांना तर २०२५ साली संसदेने निराळ्याच कायद्याने मनाई केली, आणि तेथे कौशल्य व नशीब हा भेदही तिने ठेवला नाही. मेजावरचा डाव आणि दूरध्वनीवरचा डाव ह्यांना म्हणून एकच माप लावू नये.

आता दारावरच्या त्या थापेविषयी. दिघी आणि शेजारचे आळंदी-चाकण २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तांच्या हद्दीत आहेत. आयुक्तांचा लेखी आदेश किंवा विशेष अधिपत्र असलेल्या, उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यास जुगारगृहाच्या संशयावरून घरात शिरून झडती घेता येते. अशा रीतसर झडतीत पत्ते वा चकत्या जप्त झाल्या, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत ते घर जुगारगृह होते आणि उपस्थित मंडळी जुगारासाठीच आली होती असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्ष खेळ कोणी पाहिला नसला तरीही. गृहिणीच्या धाकधुकीचे खरे कारण हे आहे. निर्दोष गृहस्थाच्या बाजूने कायदा आहे. पण नाल नव्हती हे दाखविण्याचा भार त्याच्यावर येतो. अधिपत्र कोणाचे व कोणत्या घरासाठी आहे हे शांतपणे विचारणे, आणि हुज्जत न घालता वकिलास बोलावणे, एवढे त्याने अवश्य करावे.

शेवटी पैशाचे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेल्याला हरलेल्यावर दावा लावता येत नाही. मुंबई इलाख्याने तर त्याआधीच, १८६५ साली, एक पाऊल पुढे टाकले होते. पैजेला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून दिलेल्या कर्जाचाही दावा येथे चालत नाही. डाव रंगात आला असता एकाने दुसऱ्याला दिलेले पाच हजार रुपये परत मिळणे हे केवळ घेणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून राहते. अशा उसनवारीतून कित्येकांची जुनी मैत्री तुटते, आणि संसाराचे पैसे गेले म्हणून कोणतेही न्यायालय ते परत आणून देत नाही.

खाजगी घराच्या उंबरठ्याशी कायदा थांबला, ह्याचा अर्थ त्याने आतल्या डावाला आशीर्वाद दिला असा नव्हे. यजमानाने नाल काढू नये, दार परक्यांना उघडू नये आणि उसने पैसे डावावर येऊ देऊ नयेत. ही तीन पथ्ये पाळली तर पोलिसाचे भय उरत नाही. किती रकमेवर थांबावयाचे, हा चौथा नियम मात्र कोणत्याही अधिनियमात सापडत नाही. तो पत्ते पिसण्यापूर्वी घरातल्या सर्वांच्या समक्ष ठरविलेला बरा.