आधी झुबारा, मग इंग्लंड



सुट्टीत इंग्लंडला जाऊन गाडीनं खेडोपाडी फिरायचं, असे बेत इथं कतारमध्ये, आपल्या मुऐदरमधल्या घरांत शिजत असतात. त्यासाठी अभ्यासही कसून होतो. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट घाटाचा चढ काही ठिकाणी तीनास एक आहे, रस्ता एका गाडीपुरता आहे, समोरून कुणी आलं तर मागं सरावं लागतं, हे सगळं आधी वाचून ठेवलेलं असतं. फार चांगली गोष्ट आहे. माझं सांगणं एवढंच, की असाच नीट आखलेला बेत एकदा आपण राहतो त्या देशासाठीही करा. कतार दक्षिणोत्तर साधारण 160 किलोमीटर, म्हणजे जवळपास पुणे-मुंबईएवढा. ‘इथं वाळूशिवाय आहे काय?’ असं विचारणारे बहुतेक जण हमरस्ता सोडून कधी आत गेलेलेच नसतात.

अंतर लहान म्हणून आपण आरामात उठतो, आरामात निघतो आणि तिथंच दिवस हातचा जातो. लेक डिस्ट्रिक्टमध्ये जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. इथं डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे किलोमीटर मोजण्याआधी उजेडाचे तास मोजा. दुसरं म्हणजे पश्चिम आणि उत्तर एका दिवसात उरकू नका. दोन शनिवार काढा.

पहिला शनिवार पश्चिमेचा. मुऐदरहून दुखान रस्ता जवळच आहे. वाटेत शहानियाला उंटांच्या शर्यतीचं मैदान लागतं. सकाळचा सराव चालू असेल तर उंटांच्या पाठीवर बसवलेली यंत्रं दिसतील. लहान मुलांना स्वार म्हणून बसवण्यावर 2005 साली बंदी आली, तेव्हापासून ही यंत्रं आली. मुलांना हे जरूर सांगा. पुढं झिक्रीतच्या फाट्याला वळण्याआधी पेट्रोलची टाकी भरून घ्या.

आत ब्रूकच्या माळावर रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकारानं 2014 साली पोलादाच्या चार पट्ट्या उभ्या केल्या आहेत. एक किलोमीटरहून लांब अशी ही रांग आहे. दोन पट्ट्या 14.7 मीटर उंच, दोन 16.7 मीटर. जमीन खालीवर असूनही चौघींचे माथे एकाच पातळीत येतात, आणि बाजूच्या पठारांशीही जुळतात. गाडीत बसून हे कळत नाही. पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत पायी जा. दुपारी तीनच्या सुमारास पोचलात तर सावल्या लांबत जाताना दिसतील.

मात्र तिथं चारही चाकं ओढणारी गाडीच न्या, आणि शक्यतो दोन गाड्या मिळून जा. दोर, फावडं, हवा भरायचा पंप सोबत हवा. किनाऱ्याजवळ सबखा असते. वरून कोबा केल्यासारखी कडक आणि पांढरट दिसते, पण मिठाचा तो पातळ थर चाकाखाली फुटला की खाली करडा, ओला चिखल. पळवून सुटू म्हटलं तर चाक आणखी खोल जातं. आधीच्या गाड्यांच्या ताज्या खुणा सोडू नका, आणि काळोख पडायच्या आत डांबरी रस्त्याला लागा.

दुसरा शनिवार उत्तरेचा, म्हणजे झुबाऱ्याचा, आणि माझं मन खरं तिथं आहे. लोक 1938 साली बांधलेला छोटा किल्ला बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. अहो, खरं गाव तर पुढं समुद्राकडं आहे! अठराव्या शतकातलं मोत्यांच्या व्यापाराचं हे बंदर 1811 साली हल्ल्यात उद्ध्वस्त झालं, हळूहळू ओस पडलं आणि वाळूखाली गेलं. वाळूनंच ते राखलं. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 2013 साली आलेलं हे कतारचं पहिलं स्थळ. तिथल्या घरांमध्ये खजुराचा पाक काढायच्या खोल्या सापडल्या आहेत. जमिनीला शेजारी शेजारी पन्हळी असत. त्यावर खजुराची पोती रचायची, वजनानं पाझरलेला पाक पन्हळींतून वाहत भांड्यात जमायचा.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आखातातल्या मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता. पुढं 1959 साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळा रुपया छापला, आणि कतारमध्ये तो 1966 पर्यंत चालला. तुमची मुलं या मातीत वाढताहेत. इंग्लंडमधल्या दगडी कुंपणांआधी त्यांनी झुबाऱ्याच्या भिंती पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं.

शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, पाणी लागेल त्याच्या दुप्पट घ्या. किल्ला किती वाजता उघडतो ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. आणि नुकताच पाऊस झाला असेल तर रौदा म्हणतात त्या सखल जागांमध्ये कोवळं गवत उगवलेलं दिसेल. त्यावर गाडी घालायला कायद्यानं बंदी आहे. गाडी रस्त्यालगत उभी करा आणि चालत आत जा.