अडलेला गृहपाठ आणि समतेचा प्रश्न



शिक्षणातील विषमतेची चर्चा बहुधा प्रवेश, शुल्क आणि राखीव जागा यांच्यापाशी थांबते. घरी आलेल्या मुलाचे गणित अडले तर त्याने कोणाकडे जावे, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. वास्तविक कष्टकऱ्यांच्या कित्येक मुलांचा विज्ञानाशी असलेला संबंध याच जागी तुटतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली. ही हमी आठवीपाशी संपते. महाराष्ट्राच्या पाठ्यक्रमात ओहमचा नियम, रोधांची एकसर आणि समांतर जोडणी येते ती नववीत. म्हणजे विषय जेथे कठीण होतो, तेथेच हमी सरते आणि बाजार सुरू होतो. त्याच कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे. परंतु ज्या उणिवेतून शिकवणीची गरज निर्माण होते, ती उणीव या मनाईने भरून निघत नाही. ज्याला परवडते तो साहाय्य विकत घेतो. इतरांची मुले शेजाऱ्याच्या वहीतून, आणि आता मोबाइलवरून, तयार उत्तर उतरवून घेतात.

तयार उत्तर हे साहाय्य नव्हे. सहा व्होल्टच्या घटाला सहा ओहम आणि तीन ओहमचे दोन रोध समांतर जोडले आहेत. एकूण रोध किती? मुलगा बेरीज करून नऊ म्हणतो. त्याला ‘दोन’ एवढे सांगून मोकळे होणे सोपे आहे. खरा साहाय्यक विचारतो : सहा ओहमचा रोध एकटा असता तर धारा किती वाहिली असती? एक अँपिअर. तीन ओहमच्या वाटेने? दोन अँपिअर. दोन्ही वाटा खुल्या असता घटातून एकूण तीन अँपिअर धारा निघते; मग सहा भागिले तीन, म्हणजे दोन ओहम. दुसरी वाट खुली झाल्यावर रोध वाढेल कसा, हे मुलालाच उमगते. पुढच्या वेळी त्याला कोणाची गरज लागत नाही. साहाय्याची कसोटी हीच.

ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, तो जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम हा कुलुपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. बाप स्वतःच्या प्रयत्नाने शिकला आणि त्यानेच मुलाला गणित व विज्ञान शिकविले. ओहमने आपला नियम १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. इंग्लंडमधील मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार. विज्ञानाच्या व्याख्यानांचे शिलिंग त्याच्या थोरल्या भावाने भरले. तो भाऊही लोहारच. बुद्धी ही वरच्या वर्गाची मिरास नाही. मात्र वेळेवर मिळणारा हात अनेकांच्या वाट्याला येत नाही.

असा हात संघटितपणे देता येतो. मध्य प्रदेशातील तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम आरंभिला. साध्या, स्वस्त साहित्याने खेड्यांतील मुले स्वतः प्रयोग करीत. पुढे तो शेकडो शाळांत पसरला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. त्यामुळे उपक्रमाचे मोल कमी होत नाही. शासनाच्या मर्जीवर सर्वस्वी विसंबता येत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

म्हणून मागणी आणि कार्य दोन्ही हवीत. मोफत शिक्षणाची हमी बारावीपर्यंत न्यावी आणि प्रत्येक शाळेत सायंकाळचा अभ्यासवर्ग शासनाच्या खर्चाने चालावा, ही मागणी. तोपर्यंत वस्तीतील समाजमंदिरात आठवड्यातून दोन संध्याकाळी दिवा लावणे, हे कार्य. त्यासाठी चार सेल, काही तारा, दोन-तीन छोटे बल्ब पुरतात. आणि उत्तर सांगण्याची घाई न करणारा एक माणूस लागतो. वायरमन, आयटीआयचा विद्यार्थी, निवृत्त शिक्षक असे लोक प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना एकत्र आणणे हे कार्यकर्त्याचे काम आहे, आणि ते सभा-मोर्चांइतकेच राजकीय आहे.