जळालेले रणगाडे, थांबलेले रणगाडे

टेबलावर पट मांडून खेळायच्या युद्धखेळांत विमानाची पाळी आली की बहुधा फासा टाकतात. हवा तो आकडा पडला की समोरचा रणगाडा उचलून बाजूला ठेवायचा. विमान सहज रणगाडा फोडते, हा यामागचा समज वैमानिकांच्या फुगलेल्या दाव्यांवर पोसलेला आहे, आणि विमानांनी खरोखर जे साधले ते या हिशेबात येतच नाही. ७ ऑगस्ट १९४४ रोजी नॉर्मंडीत मॉर्तें गावाजवळ जर्मन रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला. धुके विरताच ब्रिटिश टायफून आणि अमेरिकी थंडरबोल्ट विमाने त्यांच्यावर तुटून पडली. नष्ट केल्याचे सांगितलेले रणगाडे दीडशेच्या वर गेले. पुढे ब्रिटिश संशोधकांनी रणभूमीवरचे सांगाडे तपासले. रणगाडे आणि तोफगाडे मिळून सापडले ४६, आणि त्यांतले विमानांच्या माऱ्याने मोडलेले अवघे ९. वैमानिक खोटे बोलत होते असे नव्हे. वेगाने सूर मारताना धूळ आणि धुरापलीकडे काही दिसत नाही, आणि एकच जळता रणगाडा तिघांच्या खात्यावर चढतो. त्या काळचे रॉकेट तर सुटल्यावर कुणाच्या ताब्यात नसे. एका चाचणीत स्थिर उभ्या पँथर रणगाड्यावर ६४ रॉकेटे सोडली, त्यांतली ३ लागली. तरीही त्या दुपारी जर्मन रणगाडे झाडीत दडले आणि काहींचे जवान धड रणगाडा सोडून पळाले. अमेरिकी पायदळ आणि तोफखान्याला याचा मोठा आधार झाला. खेळात हे आणायचे तर रणगाडा उचलू नये, त्याची चाल गोठवावी. रसदीचे ट्रक मात्र खुशाल उचलावेत, ते सहज पेटतात.

यावर कुणीही भारत-पाक युद्धातल्या लोंगेवाला ठाण्याच्या लढाईचे नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवे. ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी पाकिस्तानी रणगाड्यांची दाणादाण उडवली, तिथे रणगाडे खरेच जळाले. पण परिस्थिती पाहा. उघडे वाळवंट, लपायला झाड नाही, काही गाडे वाळूत रुतलेले, आणि वर पाकिस्तानी हवाईदलाचे छत्र नाही. शिवाय हंटरांना रात्री हल्ला करता येत नव्हता. उजाडेपर्यंत ठाणे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने धरून ठेवले. मॉर्तेंच्या झाडीत हीच विमाने इतकी यशस्वी झाली असती असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लेसरने नेम साधणारे बॉम्ब आले, आता जुने हिशेब कशाला? १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी विमानांनी अशा बॉम्बांनी वाळूत पुरलेले इराकी रणगाडे रात्री, त्यांच्या उष्णतेवरून हुडकून एकेक करून फोडले. नेमबाजीचा प्रश्न तिथे बराचसा सुटला, हे मान्य. पण तेही वाळवंटच होते, आणि आकाश जवळजवळ निर्वेध. १९९९ मध्ये सर्बियन सैन्यावर हवाई हल्ले झाले तेव्हा कोसोवोत झाडी होती, ढग होते, आणि वैमानिकांना क्षेपणास्त्रांच्या भीतीने बरेच उंच राहावे लागे. सर्बियन सैन्याने खरे रणगाडे दडवले आणि उघड्यावर नकली उभे केले. महागडे बॉम्ब त्यांतल्या काहींवर अचूक पडले.