सुट्टीतली प्रयोगशाळा

विज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधन जरूर करावं. बंगळूरूचं जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र त्यासाठी शिष्यवृत्ती देतं. कुणी म्हणेल, दोन महिन्यांत कसला शोध लागणार? खरं आहे. शोध बहुधा लागत नाही. पण शोधायची सवय लागते.

उदाहरणार्थ, एक प्रयोग पाहा. सुवर्णक्षाराचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं. त्यात सायट्रेट घालायचं. काही मिनिटांत ते लालबुंद होतं. त्यात तयार झालेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण सुटे राहिले, तर रंग लाल. एकमेकांना चिकटले, तर निळसर. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. प्रयोगशाळेत मात्र रंग बिघडतो. भांडं नीट धुतलं नव्हतं का? ढवळणं कमी पडलं का? कारण शोधावं लागतं. प्रयोग पुन्हा करावा लागतो. म्हणून पुन्हा सांगायचं, तर शोध लागला नाही तरी चालेल, शोधायची सवय लागायला हवी.