मोटारीच्या मागच्या आंसाचें तेल

बैलगाडीस ओंगण घालावयाचें तें कोणतें, हा प्रश्न गाडीवानास फारसा पडत नसे. चाक कुरकुरूं लागलें कीं ओंगण घालावें, एवढें त्यास ठाऊक असे आणि तेवढें पुरतही असे. बैलगाडीचीं दोन चाकें एकमेकांशीं जखडलेलीं नसतात. वळणावर बाहेरचें चाक अधिक फिरतें, आंतलें कमी, आणि त्याची दखल कोणास घ्यावी लागत नाहीं. मोटारीची गोष्ट निराळी. तेथें मागचीं दोन्ही चाकें एकाच यंत्रानें फिरवावयाचीं आणि तरीही वळणावर त्यांना कमीअधिक फिरूं द्यावयाचें, असें दुहेरी काम असतें. आंसाच्या मध्यभागीं जो फुगीर डबा दिसतो, त्यांतील दंतचक्रें तें काम करतात. या योजनेस डिफरन्शियल म्हणतात. मिस्त्री लोक ‘डिफरन्सल’ म्हणतात, आणि त्यांत कांहीं बिघडत नाहीं.

या योजनेंत एक खोट आहे व ती चिखलांत उघडी पडते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पश्चिम टोकास अकोले तालुका आहे. आषाढ लागला म्हणजे भंडारदऱ्याहून रतनवाडी, घाटघर या बाजूस रस्त्याच्या कडेची माती लोण्यासारखी होते. समोरून येणाऱ्या एस्. टी.ला वाट देतांना मोटारीचें डावें चाक खालीं उतरलें, कीं तें जागच्या जागीं गरगर फिरूं लागतें, आणि घट्ट खडीवरचें उजवें चाक स्वस्थ उभें राहतें. साधें डिफरन्शियल दोहों चाकांस जोर सारखाच वांटून देतें. निसरड्यावरील चाकास जेवढा जोर पेलतो, त्याहून अधिक दुसऱ्याच्या वांट्यास येत नाहीं. समाजांत ही समवांटणी कितीही स्पृहणीय असो, चिखलांत ती गाडी अडकवून ठेवते. गाडींत दवाखान्यांत न्यावयाचा रोगी असला, म्हणजे ही गोष्ट केवळ यंत्रशास्त्राची राहत नाहीं.

म्हणून घसरणीस मर्यादा घालणारें डिफरन्शियल निघालें. १९३० नंतरच्या दशकांत तें जर्मनींतील ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारींत आलें. १९५६ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें तें घरगुती मोटारींत दिलें. त्याच्या एका प्रकारांत पोलादी चकत्या एकमेकींवर दाबून बसविलेल्या असतात व त्यांच्या घर्षणानें दोन्ही चाकें कांहीं अंशीं बांधलीं जातात. दुसऱ्यांत चकत्या नसून मळसूत्री दंतचक्रेंच तें काम करतात. तिसरा प्रकार खरें पाहतां कुलपाचा आहे. एक चाक मर्यादेबाहेर वेगानें फिरूं लागलें, कीं आंतील फिरतीं वजनें बाहेर फेंकलीं जातात आणि दोन्ही चाकें आपोआप जखडलीं जातात. महिंद्राच्या २०२० सालच्या थारच्या कांहीं प्रतींत व २०२१ सालच्या बोलेरो निओच्या वरच्या प्रतींत हा कुलपाचाच प्रकार आला. बाहेरून पाहतां डबे सारखेच दिसतात, आणि तेलाचा घोटाळा होतो तो येथें.

नगरच्या रणगाडा संग्रहालयांत, जें १९९४ सालीं सुरू झालें, रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट जातीची चिलखती मोटार ठेवलेली आहे. त्या काळच्या मोटारींच्या मागच्या आंसांतील दंतचक्रांचे दांत बहुतांशीं एकमेकांवर लोळत. साधें दाट तेल त्यांना चाले. १९२६-२७ च्या सुमारास पॅकार्डनेंच हायपॉइड नांवाचीं दंतचक्रें मोटारींत आणलीं. यांचे दांत लोळतां लोळतां एकमेकांवर घांसतही जातात. तो दाब असा कीं साध्या तेलाचा थर फाटून धातूला धातू भिडावा. यासाठीं तेलांत गंधक व फॉस्फरस यांचीं रसायनें घालावीं लागतात. गियर ऑईलला जो उग्र वास येतो तो या गंधकाचा. डब्यावर ‘जी. एल. ५’ असें लिहिलेलें असतें तें अशा तेलाचें. हेंच तेल उरलें म्हणून गियरबॉक्समध्यें ओतण्याची काटकसर मात्र करूं नये; कांहीं गियरबॉक्सांतील पितळी कड्यांना तें बाधतें.

डब्यावरील दुसरा आंकडा दाटपणाचा. बाजारांत ‘नव्वद नंबर’ व ‘एकशेचाळीस नंबर’ असें मागतात. गियर ऑईलचें माप इंजिनाच्या तेलाहून निराळें आहे; तेथील नव्वद नंबर इंजिनाच्या चाळीस-पन्नास नंबराइतपतच दाट असतो. आपल्याकडे उन्हाळा कडक, म्हणून जितकें दाट तितकें चांगलें, हा समज फार पसरलेला आहे. ओझ्याच्या मालमोटारीला तो लागू पडेल, प्रत्येक गाडीला नव्हे.

खरी अडचण चकत्यांच्या प्रकारांत येते. दांतांना तेल जितकें निसरडें तितकें हवें. चकत्यांना मात्र पकड हवी आणि ती पकड सुटतांना हिसका बसतां कामा नये. नुसत्या जी. एल. ५ तेलांत चकत्या क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हां चिकटतात. अशा गाडीची कथा बहुधा एकाच वळणानें जाते. जुनी गाडी घरीं येते, तेल बदललें जातें, आणि पुढें अरुंद बोळांत हळूं वळतांना मागून गुरगुर व धक्के येऊं लागतात. आंस उघडावा लागेल, बेअरिंग गेलें आहे, असें कोणीतरी सांगतो आणि घरांत महिन्याच्या खर्चाचा हिशेब नव्यानें मांडला जातो. पुष्कळदां चकत्यांच्या डिफरन्शियलसाठीं असलेलें तेल घातलें, किंवा घर्षण सौम्य करणारें द्रव्य पुस्तकांत सांगितलेल्या प्रमाणांत मिसळलें, कीं तो आवाज थांबतो. आंस उघडण्यापूर्वीं हें करून पाहावें.

परंतु तेंच द्रव्य मळसूत्री प्रकारांत घालणें चूक. तेथें घर्षणावरच सारें काम चालतें. आपोआप कुलूप लागणाऱ्या प्रकारांतही तें घालूं नये. कुलूप लागण्यास विलंब होतो. आंत कोणता प्रकार आहे हें गाडीच्या पुस्तकावरून किंवा आंसावरील पट्टीवरून ठरवावें. पुस्तक हरवलें असेल तर एक परीक्षा आहे. पुढच्या चाकांना दगड लावून, मागचीं दोन्ही चाकें पक्क्या घोड्यांवर उचलून, इंजिन बंद व गियर सुटा ठेवून, हातब्रेक सोडून एक चाक हातानें फिरवावें. दुसरें त्याच दिशेनें फिरूं पाहील तर आंत दाबलेल्या चकत्या आहेत असें समजावें. उलट दिशेनें फिरलें तर तेवढ्यावरून निर्णय होत नाहीं, कारण साधें डिफरन्शियल व कुलपाचें, दोन्हीं हातानें फिरवितांना सारखींच वागतात.

तेल बदलतांना प्रथम भरावयाचें वरचें बूच सुटतें कीं नाहीं तें पाहावें आणि मगच खालचें काढावें. उलट क्रम करणाऱ्याचें वरचें बूच गंजून बसलेलें निघालें, तर रिकाम्या आंसाची गाडी दारांत उभी राहते. गाडी थोडी चालवून तेल कोमट असतां काढावें. लोहचुंबकाच्या बुचावर करडा लगदा असणें स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे असणें नव्हे. नवें तेल भोंकाच्या कांठाशीं येईपर्यंत भरावें. चकत्यांची गाडी नंतर मोकळ्या मैदानांत इंग्रजी आठाच्या आकारांत दहाबारा वेळां हळूं फिरवावी, म्हणजे तेल चकत्यांच्या सांदींत शिरतें.

अकोल्याकडच्या गाड्यांना आणखी एक गोष्ट लागू आहे. तापलेला आंस ओढ्याच्या गार पाण्यांत बुडाला कीं आंतली हवा आकुंचन पावते आणि श्वासनळींतून, ती तुंबली असल्यास आंसाच्या टोकांच्या सीलमधून, पाणी ओढलें जातें. म्हणून पावसाळ्यांत ओढा ओलांडला असेल तर बूच उघडून तेल बोटावर घ्यावें. तें दुधाच्या चहासारखें दिसलें, तर कालच घातलेलें असलें तरी सारें काढून टाकावें.