देवळाच्या आवारात कोणती झाडे लावावीत?

(जीर्णोद्धार समितीच्या सभेत केलेले भाषण)



मी तालुका कचेरीतला कारकून, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. झाडांचे शास्त्र मी शिकलेलो नाही. पण माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती आपल्यापुढे कबूल करण्यासाठी उभा आहे.

वीस वर्षांपूर्वी देवळामागचे टेकाड लवकर हिरवे व्हावे म्हणून सुबाभळीची रोपे मीच आणली. दोन-तीन पावसाळ्यांत सावली आली, माझे कौतुकही झाले. पुढे शेंगा तडकल्या, बी ओघळीने खालच्या शेतांत उतरले. सुबाभूळ तोडली तरी बुडख्यातून फुटते. आज ती बांधाबांधावर आहे आणि खुरपणीची मजुरी दरसाल त्या शेतकऱ्यांच्या बोकांडी बसते.

आता आवाराभोवती कोनोकार्पसची शंभर रोपे लावण्याचा विचार चालू आहे. त्यासाठी एका दात्याने रक्कमही दिली आहे. त्यांचा हेतू थोर आहे. झाड दिसायला हिरवेगार आणि झपाट्याने वाढणारे. पण ते मूळचे परदेशातले. त्याची मुळे नळांत व गटारांत शिरतात, परागकणांमुळे सर्दी-दम्याच्या तक्रारी होतात, म्हणून गुजरातच्या वन खात्याने २०२३ साली त्याची लागवड बंद केली. आपण वर्गणी काढून नवी पाण्याची लाईन टाकली, ती याच झाडांच्या हवाली करायची का?

माझी सूचना अशी. भिंतीच्या बाजूला बेल, बकूळ व पारिजातक लावावेत. रस्त्याकडेला कडुनिंब, करंज, बहावा आणि ताम्हण. आपटा एक तरी हवाच. दसऱ्याला आपण पुष्कळदा आपटा समजून कांचनाची पाने ओरबाडतो. वड-पिंपळ मात्र देवळापासून चांगले लांब असावेत. पिंपळाचे मूळ दगडांच्या सांध्यात शिरले, तर जीर्णोद्धार पुन्हा काढावा लागेल.

बेल सावकाश वाढतो. काटेरी कुंपण करून निदान तीन उन्हाळे पाणी घालावे लागेल. दर रविवारचे पाणी माझ्याकडे. दात्यांची रक्कम त्यांच्याच नावे लागावी, फक्त झाडे बदलावीत, अशी त्यांना हात जोडून विनंती करतो.

टेकाडावरची सुबाभूळही शेंगा धरण्याआधी मुळासकट काढू या. त्या श्रमदानाची पहिली कुदळ मी मारीन.

एवढे बोलून आपली रजा घेतो. हर हर महादेव!