आधी ‘नेगल’ संपव, मग सिनेमा

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. विषय एका ऐकणाऱ्या मुलीच्या मेसेजमधून आलाय. मेसेज बराच लांब होता, थोडक्यात सांगतो.

ती अहेरीची, शिकायला नागपूरला. यंदा तिने हेमलकशाची पुस्तकं ओळीने वाचायला घेतलीत. साधनाताई आमट्यांचं ‘समिधा’ वाचून झालं. विलास मनोहरांचं ‘नेगल’ अर्ध्यावर आहे. डॉ. प्रकाश आमट्यांचं ‘प्रकाशवाटा’ आणि मनोहरांचीच ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी, दोन्हींना अजून हात लागलेला नाही. दिवाळीत घरी सगळी भावंडं जमणार, आणि मोठ्या दादाने ठरवलंय की एका रात्री टीव्हीवर ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ सिनेमा लावायचा. तोच, नाना पाटेकरचा. तिचं म्हणणं असं, की पुस्तकं संपल्याशिवाय मला बघायचा नाही, पण घरचे सगळे हॉलमध्ये बसलेले असताना मी एकटी आतल्या खोलीत जाऊन बसू का? दादा म्हणतो, काय नाटकं करते, खरी घडलेली गोष्ट आहे, त्यात कसला आलाय सस्पेन्स.

आता ही पुस्तकं कुणी ‘भाग एक, भाग दोन’ अशी मालिका म्हणून लिहिलेली नाहीत, हे खरंय. लेखक वेगळे, प्रकाशक वेगळे. पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ती मालिकेसारखीच वाचली जातात. एक हातात आलं की दुसरं शोधायला निघतोच माणूस. जागा तीच, माणसं तीच, फक्त सांगणारा बदलतो. आणि सिनेमा यातल्या कुठल्या एका पुस्तकाचं पानोपानी रूपांतर नाही, आयुष्यावरचा सिनेमा आहे. म्हणून हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे.

आधी दादाचा मुद्दा घेतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. गोष्ट आधी कळली तर मजा जाते, हे मला पटत नाही. झाडीपट्टीचं नाटक बघितलेल्या माणसाला ते पटूच शकत नाही. वडसा, म्हणजे देसाईगंज, तिथून कंपन्या निघतात, धान घरात आलं की गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. थंडीत शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसलेल्या लोकांना पुढे काय होणार हे माहीत नसतं असं थोडंच आहे? शेजारच्या गावात झालेलं नाटक पुन्हा बघायला जाणारे लोक मी पाहिलेत. त्यांना स्पॉयलर म्हणजे काय हे समजावून सांगायला गेलात तर तुम्हालाच वेड्यात काढतील.

तेव्हा सस्पेन्स सोडून देऊ. १९७३च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी भामरागडच्या जंगलात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले, २००८ला दोघांना मॅगसेसे मिळालं. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. सिनेमा बघून यातलं काही फुटणार नाही.

मग बिघडतं काय? चेहरा. पण चेहरासुद्धा सगळ्या पुस्तकांत सारखा बिघडत नाही. आज मला खरं तर तेवढंच सांगायचंय.

हे माझ्या लक्षात आलं ते फास्टर फेणेमुळे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा. वीस पुस्तकं आहेत, ही मात्र अस्सल मालिका. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर त्याची सिरियल आली, फेणे होता सुमीत राघवन. ज्यांनी ती लहानपणी बघितली त्यांना आजही विचारा, पुस्तक उघडलं की सुमीतच पळताना दिसतो. मग २०१७ला सिनेमा आला, त्यात अमेय वाघ. गोष्ट नवीच होती, प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याची, आणि फेणेही वाढलेला. दिलीप प्रभावळकरांनी त्यात चक्क भा. रा. भागवत साकारलेत, ते मला फार आवडलं होतं. कथानक पुस्तकातलं नसल्यामुळे पुस्तकं वाचायची राहिली म्हणून काही अडत नव्हतं. तरी सिनेमा बघून पुस्तकं वाचलेल्या एका पोराने मला विचारलं, हा एवढा लहान का आहे? त्याच्या डोक्यात अमेय वाघ बसला होता, आणि तो शाळेच्या गणवेशात मावत नव्हता. (आता कुणी म्हणेल, पुस्तकात चित्रं होतीच की. होती. पण चित्र हलत-बोलत नाही, ते तुमच्या डोक्यातल्या फेणेला थोडी जागा ठेवतं.)

आता दुसरं टोक घ्या. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’. सिनेमा २०१२ला आला, मी तो आधी बघितला आणि कादंबरी नंतर वाचली. काही बिघडलं नाही. दहाव्या पानापर्यंत पडद्यावरचा मुलगा माझ्या डोक्यातून गेला होता. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चंही तसंच. अमोल पालेकरांचा सिनेमा आधी बघितला असेल तरी कादंबरीतला तरुण मास्तर तुमचा तुम्हालाच होतो.

का? कारण ‘शाळा’ आणि ‘बनगरवाडी’ दोन्ही ‘मी’ने सांगितलेल्या आहेत. वाचताना आपण त्या ‘मी’च्या डोळ्यांमागे जाऊन बसतो, आणि तिथून त्याचा चेहरा दिसत नाही, बाकीच्यांचे दिसतात. नटाला शिरायला जागाच उरत नाही. फेणे मात्र ‘तो’ आहे. आपण त्याला बाहेरून बघतो, आणि बाहेरून बघायचं म्हटलं की मेंदू आळशी, कॅशेमध्ये जो तयार चेहरा पडलाय तो उचलून लावतो. (आमच्या कामात याला परफॉर्मन्स म्हणतात, इथे नुकसान आहे.)

जगातलं मोठं उदाहरण बघायचं तर ‘गेम ऑफ थ्रोन्स’. पाचवं पुस्तक २०११ला आलं, टीव्ही मालिकाही त्याच वर्षी सुरू झाली, २०१९ला संपली, आणि सहावं पुस्तक अजून आलेलं नाही. त्या वाचकांना ‘आधी पुस्तक’ म्हणायची सोयच राहिली नाही. आणि तिथला प्रत्येक माणूस ‘तो’ किंवा ‘ती’. आता कधी नवं पुस्तक आलंच, तर सगळ्यांना टीव्हीवरचेच चेहरे घेऊन वाचावं लागणार.

तर हे माप हेमलकशाच्या पुस्तकांना लावून बघू.

‘प्रकाशवाटा’मध्ये डॉ. प्रकाश स्वतः ‘मी’ म्हणून बोलतात, आणि किती कमी आवाजात बोलतात! सुरुवातीला माडिया लोक दवाखान्याकडे फिरकत नव्हते, भाषा येत नव्हती, ती शिकावी लागली, मग हळूहळू एकेक जण यायला लागला. अस्वलाने फाडलेला माणूस जंगलातून उचलून आणलाय, हे वाक्यसुद्धा ते एखाद्या नोंदीसारखं सांगतात. हा ‘मी’ इतका स्वतःचा आहे की नाना पाटेकर त्याला धक्का लावू शकत नाही. सिनेमा आधी बघितला तरी चालेल, उलट पुस्तक त्या सिनेमाचा आवाज खाली आणतं. सिनेमाच्या नावातच ‘रिअल हीरो’ आहे, आणि पुस्तकातला माणूस हीरो व्हायला तयार नाही. त्याला पावसाळ्याची काळजी आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, आजही तुटतं. ते थांबून राहणं पुस्तकात जाणवतं. दोनेक तासांच्या सिनेमाला एवढं थांबायला परवडत नाही, त्यात दिग्दर्शिका समृद्धी पोरे यांचा दोष नाही. नाना आणि सोनाली कुलकर्णी दोघांनीही बेताने काम केलंय, हे मी आधीही बोललोय.

माझ्या आजीचं सांगतो. तिला वाचता येत नाही. सिनेमा तिने टीव्हीवर बघितला होता, आणि नंतर सुट्टीत मी तिला ‘प्रकाशवाटा’ची पानं मोठ्याने वाचून दाखवायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मधेच म्हणाली, “तू कधी गेलता रे तिकडे?” माझ्या तोंडून ‘मी, मी’ ऐकून ऐकून तिच्या डोक्यातला नाना गेला होता आणि मीच तिथे जाऊन बसलो होतो. आता हे काही प्रमोशन नाही, पण माझा मुद्दा त्यातून सिद्ध होतो असं मला वाटतं.

‘नेगल’ची गोष्ट उलट आहे. नेगल हे तिथल्या बिबट्याचं नाव. विलास मनोहर तिथे कार्यकर्ते म्हणून राहिले, प्राण्यांसोबत वावरले, आणि त्यांनी जे लिहिलं त्यात प्रकाश आमटे हा बाजूला उभा असलेला सोबती आहे. म्हणजे ‘तो’. मित्राच्या नजरेतून दिसणारा, कामात असलेला. हे दिसणं फार मोलाचं आहे, कारण ‘प्रकाशवाटा’त डॉक्टर स्वतःला असे दाखवूच शकत नाहीत. आणि नेमकं हेच सिनेमा पुसतो. नानाचा चेहरा एकदा बसला की ‘नेगल’मध्ये मनोहरांचा मित्र दिसत नाही, नाना बिबट्यासोबत दिसतो. तुझं पुस्तक अर्ध्यावर आहे, म्हणजे चेहरा नुकता कुठे तयार होतोय. इथे सिनेमा लावणं म्हणजे ओल्या सिमेंटवरून चालणं.

‘समिधा’ तुझं झालंय, सुटलीस. तिथे प्रकाश हा मुलगा आहे, आणि बाबा हे नवरा आहेत. सिनेमात बाबा म्हणजे मोहन आगाशे. साधनाताईंच्या बाबांशी त्यांची गाठ आता पडली तरी साधनाताई जिंकतील.

राहिली ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’, आणि इथे मी सगळ्यात हट्टी आहे. पुण्यात माझ्या एका रूममेटने सिनेमा बघितला होता. आवडला म्हणून मी त्याला ही कादंबरी दिली. चांगली साठ-सत्तर पानं वाचून तो मला विचारतो, “अरे, यात आमटे कधी येतात?” त्याला राग आला नव्हता, तो खरंच वाट बघत होता. गोष्ट एका माडिया तरुणाची आहे. जंगल त्याचं, आणि त्याच जंगलात त्याला नाडणारे लोक बाहेरून आलेले. तो बंदुकीपर्यंत कसा जातो, हे सांगायला कादंबरी लिहिलीय. पण सिनेमाने माझ्या मित्राला शिकवलं होतं की या जंगलातली गोष्ट डॉक्टर आल्यावर सुरू होते. माडिया म्हणजे दवाखान्याबाहेर बसलेली गर्दी. मग त्यांच्यातलाच एक जण मध्यभागी आला तरी वाचणाऱ्याला वाटतं, ही प्रस्तावना चाललीय.

मला हे लागलं, कारण ऑफिसात गडचिरोली म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात, नक्षलवादी आणि नाना पाटेकरचा पिक्चर. त्यात त्यांचा दोष नाही, तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचलंय. मी स्वतः चंद्रपूर शहरातला, आलापल्लीच्या पुढे आत साठेक किलोमीटरवर हेमलकसा, तिथे मी दोनदा गेलोय, म्हणजे माडिया लोकांच्या वतीने बोलायचा मलाही अधिकार नाही. पण तू अहेरीची आहेस. तुझी भावंडंही. आपल्या भागातली गोष्ट आपल्याला आधी कुणाच्या नजरेने दिसली, याने आयुष्यभर फरक पडतो असं मला वाटतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. दिवाळीला अजून वेळ आहे, ‘नेगल’ची उरलेली पानं आणि ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ एवढं आधी संपव. मग हॉलमध्ये सगळ्यांसोबत बस, आतल्या खोलीत जायची गरज नाही. ‘प्रकाशवाटा’ सिनेमानंतर घे, मुद्दाम नंतर. आणि कादंबरी दिवाळीपर्यंत संपलीच नाही तर दादाला सांग, सिनेमा भाऊबीजेनंतर लाव. एवढं तर बहिणीचं ऐकावंच लागेल त्याला. मात्र भावंडांपैकी जे कुणी काहीच वाचणार नाहीत, त्यांना खुशाल बघू दे. न वाचणाऱ्याला सिनेमापासून अडवून ठेवणारे लोक मला आवडत नाहीत. माझी आजी तर सिनेमामुळेच पुस्तकापर्यंत आली.

आणि हो, ‘नेगल’चा दुसरा भागही आहे. माझी प्रत एकाने वाचायला म्हणून नेली, ती अजून परत आलेली नाही. अहेरीत कुठल्या वाचनालयात दिसला तर मला मेसेज कर.